ओरॅकलने सन मायक्रोसिस्टिम्स घेतली तेव्हा मायएसक्यूएलचं नक्की काय झालं?

विदागार

परवा डबा खाताना टीममधल्या नव्या मुलाने विचारलं, "सर, मायएसक्यूएल ओरॅकलचं आहे ना? मग ते फुकट कसं? आणि उद्या त्यांनी गुंडाळलं तर आपलं काय?" आम्ही वापरतो त्या मायएसक्यूएल डेटाबेसच्या ८.० आवृत्तीची मुदत एप्रिल २०२६ ची, त्यामुळे पुढे कुठे जायचं यावर आमच्याकडे रोज खल चालू आहे. त्यातून हा प्रश्न आला. दोन वाक्यांत उत्तर जमेना, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. जाणकारांनी भर घालावी, चुकलं तर सांगावं.

२००९ साली आम्ही तिघं मित्र कोल्हापुरात छोटी कामं घेत होतो. दोन पतसंस्था, एक शाळा, एक औषधांचा होलसेलर. सगळीकडे पीएचपी आणि मायएसक्यूएल. २० एप्रिल २००९ ला संध्याकाळी बातमी आली की ओरॅकल सन मायक्रोसिस्टिम्स विकत घेणार, भागामागे साडेनऊ डॉलर, एकूण साधारण ७.४ अब्ज डॉलर. त्याआधी आयबीएमशी चाललेली बोलणी फिसकटली होती. बाकी लोक सनच्या जावा, सोलारिस, स्पार्कच्या सर्व्हरबद्दल बोलत होते. आम्हाला एकच दिसत होतं : सनने आदल्याच वर्षी, जानेवारी २००८ मध्ये, एक अब्ज डॉलरला मायएसक्यूएल घेतलेलं होतं. म्हणजे जगातला सगळ्यात मोठा विकाऊ डेटाबेस ज्यांचा, त्यांच्याच हातात सगळ्यात जास्त वापरला जाणारा मुक्तस्रोत डेटाबेस जाणार. पोटात गोळा आला होता हे खरं.

भीतीला आधीचा एक संदर्भ होता, तो आजच्या मुलांना माहीत नसतो. तेव्हा मायएसक्यूएलमध्ये टेबल बनवलं की ते आपोआप मायआयसॅम प्रकारचं व्हायचं. वेगवान, पण व्यवहार अर्धवट राहिला तर मागे घेण्याची सोय नाही. आणि तो काळ भारनियमनाचा. एका पतसंस्थेत यूपीएसची बॅटरी खलास झालेली, दुपारी वीज गेली आणि भरण्याच्या नोंदी चालू असतानाच सर्व्हर बंद पडला. वीज आल्यावर खात्यांचं टेबल "क्रॅश्ड" म्हणून उघडेना. रिपेअर चालवलं, टेबल उघडलं, पण शेवटच्या काही नोंदी गायब. कॅशियरबाईंनी हातातल्या पावत्या एकेक वाचून दाखवल्या आणि मी त्या परत चढवल्या. रात्रीचे साडेनऊ वाजले. त्याच आठवड्यात आम्ही सगळी टेबलं इनोडीबी या दुसऱ्या स्टोरेज इंजिनवर (डेटा प्रत्यक्ष साठवणारा भाग) नेली. इनोडीबी आधी लॉगमध्ये लिहितो, मग टेबलात. त्यामुळे वीज गेली तरी उठल्यावर लॉग वाचून तो स्वतःला सावरतो. पैशाच्या व्यवहाराला दुसरा इलाज नव्हता.

आता गंमत बघा. हा इनोडीबी मायएसक्यूएल कंपनीचा नव्हताच. तो फिनलंडच्या हायकी तुरी यांचा, इनोबेस नावाच्या छोट्या कंपनीचा. आणि ती कंपनी ओरॅकलने ऑक्टोबर २००५ मध्येच उचलली होती. काही महिन्यांनी, फेब्रुवारी २००६ मध्ये, बर्कलीडीबी हा दुसरा डेटाबेस बनवणारी स्लीपीकॅटही घेतली. म्हणजे घर दुसऱ्याचं आणि विहीर ओरॅकलची, अशी अवस्था चार वर्षं होती. सनच्या सौद्याने घरही त्यांच्याकडे गेलं.

अमेरिकेच्या न्याय खात्याने ऑगस्ट २००९ मध्ये परवानगी दिली. युरोपीय आयोग मात्र अडून बसला. सप्टेंबरमध्ये सखोल चौकशी, नोव्हेंबरमध्ये लेखी आक्षेप, आणि त्या आक्षेपांचा सगळा रोख मायएसक्यूएलवर. मायएसक्यूएलचे एक जनक माँटी विडेनियस यांनी डिसेंबरात सह्यांची मोहीम काढली. १४ डिसेंबरला ओरॅकलने दहा जाहीर आश्वासनं दिली, २१ जानेवारी २०१० ला आयोगाने हिरवा कंदील दाखवला, २७ ला सौदा पुरा झाला.

माझं त्या वेळचं मत असं होतं की दोन वर्षांत मायएसक्यूएल संपणार. तसं झालं नाही. पण "काहीच झालं नाही" हेही खरं नाही. जीपीएल परवान्यामुळे (कोड सगळ्यांना खुला, बदलून वाटला तर तोही खुलाच ठेवायचा) कोड कोणी परत घेऊ शकत नव्हतं. नाव मात्र मालकाचं. बग कुठला आधी सुटणार, चाचण्या दाखवायच्या की नाहीत, पुढच्या आवृत्तीत काय येणार, आणि ज्यांच्या डोक्यात हे सगळं आहे ती माणसं टिकणार की जाणार, हे कुठल्याच परवान्यात लिहिलेलं नसतं. आपण लायसन्स वाचून निर्धास्त होतो, तिथेच चूक होते असं मला आता पक्कं वाटतं.

तुमचे अनुभव सांगा. विशेषतः ज्यांनी मारियाडीबी (मायएसक्यूएलची फुटून निघालेली शाखा) किंवा पोस्टग्रेस या दुसऱ्या मुक्तस्रोत डेटाबेसवर उडी मारली त्यांनी.

---

सेमीकोलन

वाखुसा (वाचनखूण साठवली). पतसंस्थेचा किस्सा वाचून अंगावर काटा आला, आमच्याकडेही पावत्यांवरून नोंदी चढवल्यात.

एक शंका. फोर्क करता येतो (कोड घेऊन आपली वेगळी शाखा काढता येते), म्हणजे सगळा कोड मिळाला. माँटींनी मारियाडीबी काढलीच. मग युरोपीय आयोगाला एवढी काळजी कसली होती?

---

तळटीप

@सेमीकोलन, शंका अगदी मुळाशी जाणारी आहे. तेव्हा मोठमोठ्या लोकांतही यावर दोन तट होते. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांनी इतर दोन संस्थांबरोबर आयोगाला पत्र लिहून सौद्याला विरोध केला. जीपीएलच्या कायदेशीर बाजूवर आयुष्य घालवलेले एबेन मोगलेन यांनी उलट सांगितलं, की जीपीएलच मायएसक्यूएलचं रक्षण करायला पुरेसा आहे. दोघंही एकाच चळवळीतले.

मुद्दा असा होता. मायएसक्यूएल दोन परवान्यांवर मिळायचं. जीपीएलवर सगळ्यांना, आणि ज्यांना आपल्या बंद उत्पादनात ते घालून विकायचंय त्यांना पैसे घेऊन वेगळ्या परवान्यावर. कंपनीची कमाई बऱ्याच अंशी या दुसऱ्या वाटेने व्हायची. ही वाट फक्त ज्याच्याकडे संपूर्ण कोडचा कॉपीराइट आहे त्यालाच मोकळी असते. कंपनी बाहेरून आलेल्या पॅचचेही (दुरुस्त्यांचेही) हक्क लिहून घ्यायची, त्यामुळे तो एकाच ठिकाणी साठलेला होता. फोर्क करणाऱ्याला कोड मिळतो, पण तो जीपीएलनेच बांधलेला मिळतो. तो सपोर्ट विकू शकतो, परवाना विकू शकत नाही. म्हणजे मूळ कंपनी ज्या कमाईवर उभी राहिली तीच कमाई फोर्कला बंद. स्टॉलमन यांच्या पत्राचा गाभा हाच होता, आणि मला तो पटतो.

दहा आश्वासनांतली बरीचशी याच दुखण्यावरची मलमपट्टी होती : स्टोरेज इंजिन बनवणाऱ्यांना जीपीएलच्या अटी लावणार नाही, पुढच्या आवृत्त्याही जीपीएलवर देऊ, संशोधनाचा खर्च वाढवू, वगैरे. मुदत पाच वर्षं. जानेवारी २०१५ ला ती संपली. त्यानंतर जे चाललंय ते मालकाच्या मर्जीने.

---

घाटमाथा

विदागार, लेख चांगला आहे, पण मी थोडा वेगळा सूर लावणार. वीस वर्षं डीबीएचं (डेटाबेस सांभाळायचं) काम करतोय, मायएसक्यूएल ४.१ पासून.

सनच्या काळात मायएसक्यूएलची जी परवड झाली ती लोक विसरतात. ५.१ ची पक्की आवृत्ती नोव्हेंबर २००८ मध्ये निघाली तेव्हा खुद्द माँटींनी जाहीर लिहिलं होतं की यात गंभीर बग तसेच आहेत. इंजिन एका कंपनीचं, सर्व्हर दुसऱ्या कंपनीचा, दोघांच्या रिलीजचा मेळ नाही. ओरॅकलकडे गेल्यावर पहिल्यांदा इनोडीबीचे आणि सर्व्हरचे लोक एका छताखाली बसले. त्याचा परिणाम आम्ही प्रॉडक्शनला डोळ्यांनी बघितला. डिसेंबर २०१० च्या ५.५ मध्ये नवं टेबल आपोआप इनोडीबीचं होऊ लागलं, जास्त कोअर असलेल्या मशीनवर गुदमरणं कमी झालं. २०१३ च्या ५.६ मध्ये टेबल चालू ठेवून इंडेक्स वाढवता येऊ लागला. त्याआधी मोठ्या टेबलाला एक कॉलम जोडायचा तर रविवारची रात्र जायची, आणि सकाळी ते पुरं झालं असेल की नाही या धाकात झोप यायची नाही. ५.७ मध्ये जेसन प्रकारचा डेटा ठेवायची सोय आली, एप्रिल २०१८ च्या ८.० मध्ये विंडो फंक्शन्स, सीटीई, डेटा डिक्शनरी अशा आणखी सोयी. हे फुकट वाढलेलं झाड नाही, कोणीतरी पगार दिलेत.

म्हणून "मोठ्या कंपनीने घेतलं म्हणजे वाट लागली" हे सरसकट मान्य नाही.

---

विदागार

@घाटमाथा, मान्य. तुम्ही म्हणता ती सुधारणा मी नाकारत नाही, ५.६ ने मलाही कितीतरी रात्री परत दिल्या. माझ्या लेखात ही बाजू यायला हवी होती.

@तळटीप, दंडवत. कॉपीराइटचा हा धागा मला इतका स्वच्छ कधीच कळला नव्हता.

तरी घाटमाथा, दुसऱ्या गोष्टीही नोंदवू द्या. २०११ च्या सप्टेंबरात थ्रेड पूल (एकाच वेळी खूप जोडण्या सांभाळायची सोय) आणि पॅम ऑथेंटिकेशन (लॉगिनची सोय) फक्त पैसे देणाऱ्यांच्या आवृत्तीत आले. २०१२ मध्ये लोकांच्या लक्षात आलं की नव्या बग फिक्सबरोबर येणाऱ्या टेस्ट केस (दुरुस्ती तपासायच्या चाचण्या) सोर्समध्ये येईनाशा झाल्यात. ही बातमी बाहेरच्यांना किरकोळ वाटली. पण जो स्वतः पॅच लावतो त्याला विचारा. बग दुरुस्त झाला एवढंच कळतं. कशामुळे होत होता आणि आपल्या पॅचने तो परत उगवला का, हे तपासायचं साधनच हातातून गेलं. फोर्क सांभाळणाऱ्यांसाठी तर हे अंधारात चाचपडणंच.

२०१३ मध्ये ५.५.३१ च्या मॅन्युअल पानांवरचा जीपीएल गायब होऊन बंद परवाना लागला होता. ती बिल्डमधली चूक निघाली आणि ओरॅकलने ती सुधारली, हेही सांगितलंच पाहिजे. पण त्या दोन-चार दिवसांत किती लोक हादरले! सगळ्यांनी आधी वाईटच गृहीत धरलं. विश्वास एकदा पातळ झाला की साधी चूकसुद्धा कट वाटते, आणि लिनक्सची वितरणं बनवणारे लोक त्याच वर्षी दुसरीकडे वळत होते. फेडोरा १९ मारियाडीबीवर गेलं, २०१४ ला रेड हॅट ७ गेलं, पुढे डेबियन ९. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियानेही २०१३ मध्ये आपले सर्व्हर हलवले. आपण मराठी विकिपीडियाचं पान उघडतो ते मारियाडीबीमधून येतं, हे किती जणांना ठाऊक आहे?

---

कपबशी

मी जावाची. डेटाबेसवाल्यांचं दुःख वाचून आमचं सांगावंसं वाटलं, कारण सौदा एकच होता.

सनने जावा जीपीएलवर खुला करायला २००६ च्या शेवटी सुरुवात केली, त्यामुळे आम्हीही निर्धास्त होतो. सौदा पुरा झाल्यावर तीन महिन्यांत जेम्स गॉसलिंग बाहेर पडले. ऑगस्ट २०१० मध्ये ओरॅकलने अँड्रॉइडवरून गूगलवर दावा ठोकला. तो एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ६ विरुद्ध २ असा गूगलच्या बाजूने संपला. जावाच्या एपीआयच्या (भाषेतल्या तयार सोयी वापरायच्या आज्ञांच्या) साडेअकरा हजार ओळींवरून अकरा वर्षं! या अकरा वर्षांत मी कॉलेजातून बाहेर पडून टीम लीड झाले आणि दर एक-दोन वर्षांनी कोणीतरी विचारायचंच, "जावाचं एपीआय वापरलं तर आपल्यावर केस होईल का?"

खिशाला चटका नंतर बसला. जावा ८ चे व्यावसायिक वापरासाठीचे मोफत अपडेट जानेवारी २०१९ नंतर थांबले. जानेवारी २०२३ पासून ओरॅकलच्या जावाची वर्गणी माणशी लागते. जावा वापरणाऱ्या माणशी नव्हे, कंपनीतल्या प्रत्येक माणशी. अर्धवेळ आणि कंत्राटी धरून. तेव्हाचा दर छोट्या कंपन्यांसाठी दर महिना माणशी १५ डॉलर. आमच्या एका ग्राहकाचा कारखाना आहे. तिथे जावा चालत होतं दोन सर्व्हरवर, आणि पटावर माणसं सातशेच्या वर. खरेदी विभागाच्या साहेबांनी गुणाकार करून कागद माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, हे वॉचमनचेही पैसे धरलेत का?" धरले होते.

ओपनजेडीके, म्हणजे जावाचं खुलं रूप, होतं म्हणून वाचलो. शनिवारी त्यातलंच टेमुरिन चढवलं, रविवारी सगळ्या रिपोर्टांचे आकडे जुन्याशी ताडून बघितले, सोमवारी कारखाना चालू. एकाही ओळीचा कोड बदलला नाही. पण कुठल्या मशीनवर कुठलं जावा बसलंय याची यादीच नव्हती त्यांच्याकडे, ती करायला दोन आठवडे लागले. खरं काम तेच होतं.

---

सेमीकोलन

@कपबशी ताई, ही यादी आमच्याकडेही नाही. उद्याच बसतो.

आणि नावाच्या मुद्द्यावरून आठवलं. याच सौद्यात ओरॅकलकडे गेलेली आणखी दोन सॉफ्टवेअरं : हडसनचं जेनकिन्स झालं २०११ मध्ये, ओपनऑफिसचं लिब्रेऑफिस झालं २०१० मध्ये. दोन्हीकडे माणसं बाहेर पडली, कोड बरोबर नेला, नाव मागे ठेवावं लागलं. आज जेनकिन्स कुठे आणि हडसन कुठे! मायएसक्यूएलच्या बाबतीत मात्र नाव आणि बरीचशी माणसं दोन्ही ओरॅकलकडे राहिली, म्हणून तिथे दोन्ही प्रवाह जगले असावेत.

---

घाटमाथा

+१. चांगलं निरीक्षण. इनोडीबीचा बराचसा चमू तेव्हा त्यांच्याकडेच राहिला, हा फार मोठा फरक.

---

नवशिकी

नमस्कार, मी नांदेडला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. इथे लिहायची पहिलीच वेळ. आम्हाला लॅबमध्ये मायएसक्यूएल शिकवतात. हे सगळं वाचून प्रश्न पडला की आता शिकायचं तरी काय? मारियाडीबी म्हणजे मायएसक्यूएलच ना, फक्त नाव वेगळं? आणि मारियाडीबीही कोणी विकत घेतली तर?

---

मुळाकाठ

@नवशिकी, स्वागत. तुमचा शेवटचा प्रश्न नुसता कल्पनेतला नाही. मारियाडीबी कंपनी डिसेंबर २०२२ मध्ये शेअर बाजारात उतरली, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये के-वन नावाच्या गुंतवणूक कंपनीने ती विकत घेतली. फाउंडेशन वेगळं आहे, ते २०१२ मध्येच घोषित झालं होतं, आणि सर्व्हरचा कोड जीपीएलवर आहे. पण त्याच कंपनीने २०१६ मध्ये मॅक्सस्केल नावाचं आपलं प्रॉक्सी (डेटाबेसच्या पुढे बसून वाहतूक वाटणारं) मुक्त परवान्यावरून काढून बीएसएल या बंधनं घालणाऱ्या परवान्यावर नेलं होतं. तेव्हा फोर्कलाही पोट असतंच.

मी पुण्यात पोस्टग्रेसवर काम करतो. पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या ईडीबी या कंपनीचं मोठं ऑफिस इथे आहे, त्यामुळे या शहरात पोस्टग्रेसच्या आतल्या कोडवर हात चालवणारी बरीच मंडळी भेटतात. आमच्याकडे काय झालं ते सांगतो, कारण विदागार यांच्या मुद्द्याचं ते दुसरं टोक आहे.

पोस्टग्रेसचा कॉपीराइट एका कंपनीकडे नाही. पॅच देताना कोणी हक्क लिहून घेत नाही. म्हणून "पोस्टग्रेस विकत घ्यायचं" म्हणजे काय घ्यायचं हेच ठरवता येत नाही. पण माणसं विकत घेता येतात, म्हणजे ती जिथे नोकरी करतात त्या कंपन्या. सप्टेंबर २०२० च्या अखेरीस ईडीबीने सेकंडक्वाड्रंट ही दुसरी पोस्टग्रेसवाली कंपनी घेतली. प्रकल्पाची सूत्रं सांभाळणारी कोअर टीम तेव्हा पाच जणांची होती. एका सकाळी पाचातले तिघं एकाच कंपनीचे झाले. आणि प्रकल्पात फार जुना संकेत आहे की कोअरमध्ये एका कंपनीचे निम्म्याहून जास्त लोक नकोत. कायदा नव्हता, कुठल्या न्यायालयाने सांगितलं नव्हतं. नोव्हेंबरमध्ये बाहेरचे दोघं घेऊन टीम सात जणांची केली आणि तिघं पुन्हा निम्म्याच्या आत आले. ईडीबीतल्या लोकांनीही ते मानलं.

मला या गोष्टीचा मनापासून अभिमान वाटतो. सौदा व्हायच्या आधीच घरात नियम ठरलेला होता.

आता पुन्हा तोच वारा आहे. मे २०२५ मध्ये डेटाब्रिक्सने निऑन घेतल्याचं जाहीर केलं, जूनमध्ये स्नोफ्लेकने क्रंची डेटा, दोन्ही पोस्टग्रेसवाल्या कंपन्या. पोस्टग्रेसचे ज्येष्ठ डेव्हलपर टॉम लेन क्रंचीत होते. ज्यांनी पोस्टग्रेसचे पॅच वाचलेत त्यांना या नावाचं वजन सांगायला नको. या लोकांना पुढच्या मालकाने मूळ कोडवर काम करायला वेळ दिला तर उत्तम. सगळा वेळ स्वतःच्या क्लाउडला लावला तर परवाना तसाच राहील, रिलीजही निघत राहील, पण अवघड पॅच तपासायला माणूस मिळणार नाही. मी स्वतः एका पॅचवर कोणीतरी नजर टाकावी म्हणून सात महिने थांबलोय. तपासणाऱ्या माणसांची चणचण आजही आहे.

---

विदागार

@मुळाकाठ, अप्रतिम प्रतिसाद. हा स्वतंत्र धागा व्हायला हवा.

@नवशिकी, मारियाडीबी म्हणजे मायएसक्यूएलच, हे २०१० ला खरं होतं. ५.१ आणि ५.५ च्या काळात मायएसक्यूएल काढायचं, मारियाडीबी टाकायचं, डेटाच्या फायली तशाच उचलायच्या. मारियाडीबी १० पासून वाटा फुटल्या. आज जेसन मायएसक्यूएलमध्ये स्वतंत्र बायनरी प्रकार आहे, मारियाडीबीत ते लाँगटेक्स्टचं, म्हणजे साध्या मजकुराचं, टोपणनाव आहे. रेप्लिकेशनचे (डेटा दुसऱ्या सर्व्हरवर उतरवत राहण्याचे) जीटीआयडी हे व्यवहार-क्रमांक एकमेकांना कळत नाहीत. आणि आपल्या मराठी लोकांना पहिला धक्का बसतो तो कोलेशनला (अक्षरांची तुलना आणि क्रम लावायच्या नियमांना).

पूर्वी मायएसक्यूएलचा मूळ कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) लॅटिन-वन होता. आमच्या एका जुन्या साइटवर खातेदारांची नावं लॅटिन-वनच्या कॉलममध्ये देवनागरी बाइट म्हणून बसलेली. पीएचपीतून बघितलं तर "सुलोचना" अगदी नीट दिसायचं, कारण चूक आत जाताना आणि बाहेर येताना दोन्हीकडे सारखीच व्हायची. पहिल्यांदा डंप (सगळ्या डेटाची फाइल) काढून दुसरीकडे भरला तेव्हा सगळी नावं विचित्र चिन्हांची माळ झाली. कॉलम आधी बायनरी करायचा, मग युटीएफ-८ करायचा, असा उपाय सापडायला मला दीड दिवस लागला. देवनागरीचं एक चिन्ह (काना-मात्रा वेगळी धरून) तीन बाइट घेतं, इमोजी चार. त्यामुळे जुन्या तीन बाइटी युटीएफ-८ मध्ये नावं बसतात, पण कोणी नावापुढे फुलाची इमोजी टाकली की नोंद अडते. चार बाइटी केलं की २५५ अक्षरांच्या कॉलमवरचा इंडेक्स तेव्हाच्या ७६७ बाइटच्या मर्यादेबाहेर जायचा, म्हणून जुन्या स्कीमांत तुला १९१ हा आकडा दिसेल. कोणी विचारलं तर सांगता येईल : ७६७ भागिले चार.

८.० ने चार बाइटीच मूळ केलं, हे ओरॅकलच्या काळातलंच चांगलं काम. पण त्याचं नवं ०९०० वालं कोलेशन बऱ्याच मारियाडीबी आवृत्त्यांना ओळखीचं नाही. म्हणून म्हणतो, शिकायचं काय हे नंतर ठरव. आधी तुझ्या लॅबचा एक डेटाबेस घे, मायएसक्यूएल ८ मधून डंप काढ, मारियाडीबीत भर. जिथे अडेल तिथे लिहून ठेव. सौदा झाल्याची बातमी आल्यावर आम्ही हेच पहिल्यांदा केलं आणि तेव्हा घाईत केलं, ग्राहकांचे फोन चालू असताना. शांतपणे केलं असतं तर बरं झालं असतं.

आमच्या टीमने आता दर तिमाहीला एक शनिवार यासाठीच राखलाय. सध्याचा डंप दुसऱ्या डेटाबेसवर भरायचा, किती ठिकाणी अडतं ते मोजायचं. मागच्या खेपेला अकरा ठिकाणी अडलं, त्यातली सात जेसनच्या क्वेरी. जायचंय की नाही ते ठरलेलं नाही. पण जायचं ठरलं तर किती दिवस लागतील हे साहेबांना आता सांगता येतं.

---

घाटमाथा

हा शनिवारचा उपक्रम आम्ही उचलणार. आणि डंप भरल्यावर नुसत्या नोंदी मोजू नका, रकमांची बेरीजही ताडून बघा. दशांशाचा कॉलम कोणीतरी फ्लोट (अंदाजे आकडा ठेवणारा प्रकार) करून ठेवलेला असतो आणि तो पैशांत घोळ घालतो.

---

नवशिकी

विदागारदादा, करून बघितलं! कॉलेजच्या ग्रंथालयाचा सराव डेटाबेस घेतला, साधारण चार हजार सभासद. मारियाडीबी १०.११. तुम्ही म्हणालात तिथेच पहिली एरर आली, "अननोन कोलेशन". डंपच्या फाइलमध्ये ०९०० चं नाव बदलून युनिकोडवालं टाकलं, मग भरलं. नोंदी जुळल्या, दंडाच्या रकमेची बेरीजही जुळली (घाटमाथाकाका, तुमचं वाचून लगेच केली).

पण एक अडलंय. आडनावांप्रमाणे यादी लावली तर "काळे" हे "कावळे"च्या आधी येतात. आमच्या ग्रंथपाल मॅडम म्हणतात की मराठी कोशात ळ हा ह नंतर येतो, म्हणून काळे नंतर यायला हवेत. मायएसक्यूएलमध्येही तसंच येतंय. हे मायग्रेशनमुळे नाही ना?

---

विदागार

शाब्बास! नाही, मायग्रेशनचा दोष नाही. दोन्ही डेटाबेस ळ ला ल च्या शेजारी धरतात, आणि मायएसक्यूएलच्या कोलेशनच्या यादीत मराठी नाहीच. मॅडमचं म्हणणं बरोबर आहे.

@मुळाकाठ, पोस्टग्रेसमध्ये आयसीयू या युनिकोड लायब्ररीचं मराठी कोलेशन मिळतं ना? हिला ते लावून कसं बघायचं ते सांगाल का?

---

मुळाकाठ

मिळतं, दहाव्या आवृत्तीपासून. @नवशिकी, टेबलाची व्याख्या आणि दहा-बारा आडनावं इथे चिकटवा, त्यात काळे, कावळे, काशीद, कहाते एवढी तरी असू द्या. रात्री घरी गेल्यावर चालवून निकाल टाकतो.